पेशीतली लाट

रविवार कारंजाच्या मागच्या गल्लीत कुणाचंही लग्न ठरलं की पहिलं बोलावणं कुसुमला जायचं, गव्हले वळायला. दुधात भिजवलेल्या रव्याची चिमूट अंगठ्याच्या आणि बोटाच्या पेरात धरायची आणि दोन्ही टोकांना निमुळता, गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला ताटात टाकायचा. दहा बायका बसायच्या, पण बाकीच्यांचे गव्हले म्हणजे काय विचारू नका. कुणाचे शेंगदाणे, कुणाच्या उंदराच्या लेंड्या! कुसुमच्या ताटात खरा गहू मिसळला असता तर निवडून काढता आला नसता. रुखवतात तिचं ताट पुढे मांडायचे आणि मुलाकडच्यांना मुद्दाम दाखवायचे.

असा हात तिच्या नवऱ्यानं, चिंतामणरावांनी, प्रयोगशाळेत पळवून नेला. पळवूनच म्हणायचं, दुसरं काय?

चिंतामणराव कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. सत्तेचाळिशीला आले तरी डॉक्टरेट झालेली नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं विभागप्रमुख होऊन बसली, आणि हे आपले तासाला 'फुलाचे भाग किती' तेच सांगताहेत. स्टाफरूममध्ये कुणी चहा पिता पिता विचारायचं, "काय चिंतामणराव, काय म्हणतंय तुमचं शेवाळं?" आणि सगळे हसायचे. तेही हसायचे. घरी आल्यावर मात्र न बोलता जेवायचे.

ते शेवाळं म्हणजे कारा नावाची पाणवनस्पती. हरसूलच्या रस्त्याला एक तळं आहे, तिथून ते एसटीने बरण्या भरभरून आणायचे. हाताला खरखरीत आणि वास असा, की शेजारच्या विमलाबाई नाकाला पदर लावून म्हणायच्या, "अगं, लसूण सडलाय का घरात?" पण ह्या वनस्पतीची गंमत अशी, की हिची एकेक पेशी बोटभर लांब. एरवी पेशी बघायला सूक्ष्मदर्शक लागतो. ही नुसत्या डोळ्यांना दिसते. म्हणून तिच्यात सुई टोचून आतली वीज मोजता येते.

वीज म्हणजे फार नव्हे, टॉर्चच्या सेलच्या दहाव्या हिश्श्याएवढी. पण चिंतामणराव त्याबद्दल बोलायला लागले की जेवणाचं भान राहत नसे. "हे बघ कुसुम, पेशीला पातळसं आवरण असतं, आणि त्या आवरणात प्रोटीनची दारं असतात. हजारो. पोटॅशियमचे, कॅल्शियमचे विजेने भारलेले कण त्या दारांतून आत-बाहेर करतात. आणि काही प्रोटीनं नुसती पहारेकरी. बाहेर उजेड पडला, स्पर्श झाला, खारटपणा वाढला, की ती खबर घेतात आणि दाराला सांगतात, उघड!" कुसुम वरण वाढता वाढता म्हणायची, "बरं. आणि आता तुम्ही तोंड उघडा, भात गार होतोय."

मूलबाळ नव्हतं. खिडकीत ओळीनं बरण्या. विमलाबाई म्हणायच्या, "तुझी पोरं बरी गं, रडत नाहीत की भांडत नाहीत." कुसुमला ते लागायचं, पण विमलाबाईंचा स्वभावच तसा, हे ठाऊक असल्यामुळे ती मनावर घेत नसे.

तर पेशीत खुपसायची ती सुई काचेची. काचेची नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची, मऊ झाली की झटक्यात ओढायची, मग तिचं टोक केसाहूनही बारीक होतं; आत मिठाचं पाणी भरलं की तिच्यातून वीज वाहते. चिंतामणरावांनी ओढली की ती तुटायचीच. एकदा कुसुम रविवारी डबा घेऊन गेली, तर टेबलावर काचांचा हा ढीग आणि नवरा डोकं धरून बसलेला. ती म्हणाली, "द्या बघू इकडे." आणि पहिल्याच खेपेला अशी सुई निघाली, की चिंतामणराव बघतच राहिले. त्या दिवसापासून प्रत्येक रविवारी बाई प्रयोगशाळेत.

सुई धरायचं यंत्रही घरगुती होतं. जुना सूक्ष्मदर्शक मोडून सातपूरच्या एका कारखान्यातून करून घेतलेलं. त्याचा स्क्रू मिनिटाभरात सरकायचा आणि सुई पेशीतून बाहेर यायची. नवा स्क्रू पुण्याहून यायचा होता, तो येतच होता. तोवर कुसुमनं त्या स्क्रूवर अलगद बोट टेकवून बसायचं, मोजणी संपेपर्यंत. दुसरं कुणी बोट लावलं की सुई मोडे. कॉलेजचा शिपाई सहादू एकदा हौसेनं बसला आणि सुई, पेशी दोन्हींचा निकाल लावून उठला. "हे आपलं काम नाय बा," म्हणाला. मग दुसऱ्या कुणाला बसवायचा प्रश्नच उरला नाही.

अठ्ठ्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी. कॉलेज ओस. कुसुम बोट टेकवून बसली होती आणि वीज नोंदणाऱ्या यंत्राच्या सरकत्या कागदावर पेनाची रेघ चालली होती. रोज सरळ जायची ती रेघ त्या दिवशी थरथरली. बारीक, एकसारखी, लाटेमागून लाट. चिंतामणरावांनी वायरी तपासल्या, पंखा बंद केला, दिवे बंद केले. लाट आपली चालूच.

हुरळून जाणारा माणूस नव्हता तो. त्यांनी एक पेशी गरम पाण्यात टाकून मारली आणि तिच्यात सुई खुपसली. कुसुमचं बोट तिथंच होतं. रेघ एकदम सपाट. मग ताजी पेशी घेतली, तर लाट हजर. पुन्हा मेलेली, पुन्हा सपाट. तेव्हा चिंतामणराव खुर्चीत बसले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुसुम, ही जिवंतपणाची खूण आहे गं. सगळी दारं एका ठेक्यात उघडतायत आणि मिटतायत. हे कुणी पाहिलेलं नाही. कुणीच नाही!"

आता शहाण्या माणसाचं चुकतं ते असंच, अर्ध्या वाटेवर. तपासून पाहिलं, नाही असं नाही. पण पेशी बदलून पाहिली. बोट बदलून पाहायचं सुचलंच नाही. सुचणार कसं? कुसुमचा हात म्हणजे त्या खोलीतली सगळ्यात भरवशाची वस्तू. यंत्रावर संशय घ्यावा, विजेवर घ्यावा, त्या हातावर कोण घेईल?

कॉलेज उघडलं त्या दिवशी चिंतामणरावांनी पेढे आणले. स्टाफरूममध्ये वाटले, गल्लीत वाटले, हरसूलच्या एसटीच्या कंडक्टरलासुद्धा दिले. मुंबईला गर्गे सर म्हणून ह्या विषयातले मोठे जाणकार होते, त्यांना सविस्तर कळवलं. त्यांचं उत्तर आलं की चैत्रात मी स्वतः येतो आणि डोळ्यांनी बघतो. झालं! आभाळ ठेंगणं झालं चिंतामणरावांना. आंघोळ करताना गाणी म्हणायला लागले. बावीस वर्षांच्या संसारात कुसुमनं त्यांचं गाणं ऐकलं नव्हतं. बेसूर होतं अगदी, पण ती चुलीपुढून उठून न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून ऐकायची.

माघात विमलाबाईंच्या मुलीचं लग्न निघालं. गव्हले वळायला नेहमीप्रमाणे बायका जमल्या. गप्पा रंगल्या, रवा संपला, ताटं उचलली, आणि विमलाबाई एकदम हसत सुटल्या. "अगो बाई! कुसुम, पीठ संपलं, आता काय वाऱ्याचे गव्हले वळतेस?"

सगळ्यांनी पाहिलं. कुसुमनंही पाहिलं. तिचा उजवा हात मांडीवर स्वस्थ पडला होता, आणि अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होती. वळत होती. तिनं सांगितलेलं नसताना.

बायका हसल्या. "सवयच लागली हाताला," कुणीतरी म्हणालं. कुसुमही हसली आणि हात पदराखाली घेतला. पदराखालीही तो चालूच होता. आणि तो ठेका तिच्या ओळखीचा होता. दिवाळीपासून रविवारामागून रविवार तिनं तो कागदावर पाहिला होता.

ठेक्याचं एक झालं, दुसरं त्याहून वाईट होतं. पेठला तिचे मामा होते, त्यांना कंपवात झाला होता. त्यांचंही असंच सुरू झालं, एका हाताच्या बोटांपासून. मग दुसरा हात, मग चाल. शेवटी मामी त्यांना चमच्यानं पेज भरवायची आणि निम्मी हनुवटीवरून ओघळायची. कुसुम तेव्हा लहान होती आणि मामांसमोर जायला घाबरायची. आता तिला स्वतःच्याच हाताची भीती वाटायला लागली.

तरी माणसाची आशा चिवट असते. पुढच्या रविवारी चिंतामणराव पाठमोरे असताना तिनं स्क्रूवरचं बोट जरासं उचललं. रेघ सपाट झाली. टेकवलं, लाट आली. सुई थोडा वेळ टिकली आणि सरकली, पण तेवढा वेळ पुरे होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? हात हलला की सुई हलायची आणि आवरणाला पडलेलं भोक कमी-जास्त व्हायचं. म्हणून आतली वीज वर-खाली. मेलेल्या पेशीत वीजच नसते, तिथं सुई कितीही हलो, रेघ सपाटच. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती ह्या घरात फक्त तिला माहीत होती.

सांगायचं कसं? "अहो, मला बरं नाही" एवढं एक वाक्य. नवऱ्याला सांगायला काय लाज? पण ते वाक्य उच्चारलं की लाट खलास, आणि लाट गेली की हा माणूस पुन्हा तसाच मुकाट जेवायला बसणार. ती रोज ठरवायची, आज सांगू. एकदा तर तोंड उघडलंही. "अहो, माझा हात जरा..."

"हाताला जप बाई!" चिंतामणराव घाबरून म्हणाले. "चैत्रापर्यंत त्याला ओरखडाही नको." आणि त्या दिवसापासून भाकरी थापायची नाही, धुणं पिळायचं नाही असा हुकूम निघाला. स्वतः मोरीत बसून भांडी घासायला लागले. गल्लीतल्या बायका कुसुमला म्हणायच्या, "नशीब काढलंस हो!" आत जाऊन ती भिंतीकडे तोंड करून बसायची.

आणि लाट वाढत होती. होळीला वाढली, रंगपंचमीनंतर आणखी वाढली. चिंतामणराव कागद खिडकीत धरून ओरडायचे, "बघ कुसुम, दुप्पट झाली!" आपला आजार किती पुढे गेला ते नवरा आनंदानं मोजून सांगतोय, ह्याहून वाईट काय असेल?

गर्गे सर यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, एकदा सगळं करून बघू म्हणून दोघं प्रयोगशाळेत गेली. सुई बसवली. "हं, लाव बोट," चिंतामणराव म्हणाले.

"नाही लावत," कुसुम म्हणाली.

"अगं, असं काय करतेस? स्क्रू सरकेल."

"सरकू दे. तुम्ही कागदाकडे बघा."

रेघ सपाट चालली. तिनं बोट टेकवलं, लाट उठली. उचललं, सपाट. टेकवलं, लाट. चिंतामणराव आधी चिडले, "मुद्दाम करतेस तू, हलवू नकोस!" म्हणाले आणि त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं. धरलं आणि त्यांना ते कळलं. त्यांच्या मुठीत तो हात आपल्या आपण चालला होता.

"मामांसारखं झालंय," कुसुम म्हणाली. "माघापासून मला ठाऊक आहे."

चिंतामणराव स्टुलावर बसले. पेन सपाट रेघ ओढत राहिलं. कुसुमला वाटलं, आता हे काहीतरी विचारतील. डॉक्टरांचं, औषधाचं, काहीही. ते वर न बघता म्हणाले, "उद्यापुरतं लावशील का बोट?"

काय बोलला हा माणूस! ज्याला राग येईल त्याचा राग खराच आहे. पण ज्यानं आयुष्यभर हसून घेतलं आणि एकदाच कुणीतरी मुंबईहून त्याच्यासाठी निघालंय, त्याच्या तोंडून पहिलं जे निघायचं ते निघालं. वाईट माणूस नव्हता. त्या क्षणी वाईट वागला. कुसुमच्या काळजाला घरं पडली, तरी ती म्हणाली, "लावीन."

घरी दोघं जेवली नाहीत.

रविवारी गर्गे सर आले. पांढरे केस, धोतर, वर कोट, आणि स्वभाव इतका गोड की सहादूनं पाणी दिलं तर त्याचं नाव विचारून आभार मानले. कुसुमकडे वळून म्हणाले, "सुया तुम्ही ओढता म्हणे. आमच्याकडे परदेशी यंत्र आहे, त्यालाही असं टोक काढता येत नाही." कुसुमनं मान खाली घातली. बांगड्या किणकिणू नयेत म्हणून तिनं सकाळीच त्यांच्याभोवती रुमाल गुंडाळून ठेवला होता. तो रुमाल गाठ मारताना दोनदा हातातून निसटला होता.

सुई पेशीत गेली. कुसुमनं बोट टेकवलं. भीतीनं हा रोग बळावतो; मामा चारचौघांत गेले की त्यांच्या हाताला धरबंध राहत नसे. तेच झालं. पेन नुसतं थरथरलं नाही, ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जाऊन आपटायला लागलं. टक, टक, टक, टक. गर्गे सर चष्मा सावरून कागदावर वाकले. "अरे वा! हे तुम्ही लिहिलं होतं त्याहून कितीतरी मोठं आहे. चिंतामणराव, हे विलक्षण आहे हो!"

ह्याच शब्दासाठी तर जीव टाकला होता चिंतामणरावांनी. पण ते कागदाकडे बघतच नव्हते. ते बायकोच्या हाताकडे बघत होते. इतक्या रविवारांत त्यांनी त्या हाताकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तो आवरावा म्हणून तिनं डाव्या हातानं उजवा कोपर गच्च धरला होता. कपाळावर घाम होता, ओठ दातांत होता, आणि ती नजर उचलत नव्हती.

त्यांनी पुढे होऊन बटण बंद केलं. पेन जागच्या जागी थांबलं.

"का बंद केलंत?" गर्गे सरांनी विचारलं.

"सर, ही लाट पेशीची नाही," चिंतामणराव म्हणाले. "हा माझ्या बायकोचा हात आहे. तिला कंपवात झालाय. दिवाळीपासून मी तिचा आजार मोजतोय आणि पेढे वाटतोय. काल मला कळलं. कळलं तरी मी तिला आज इथं बसवलं."

गर्गे सरांनी चष्मा काढला. रागावले नाहीत, की समजूतही घालत बसले नाहीत. कुसुमच्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बाई, ह्यावर आता गोळ्या निघाल्यात. बरं होत नाही, खोटं सांगणार नाही, पण काही वर्षं आराम पडतो. मुंबईला या, माझ्या ओळखीचे डॉक्टर आहेत." मग चहा घेतला, सहादूला सांगून रिक्षा मागवली आणि गेले. जाताना त्यांनी चिंतामणरावांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

चिंतामणरावांनी पेशी पाण्यात सोडली, यंत्रावर कापड घातलं, खोलीला कुलूप लावलं. कुसुम बाहेर पायरीवर बसली होती, रुमालाची गाठ सोडवायचा प्रयत्न करत. ती सुटेना. ते येऊन शेजारी बसले, त्यांनी गाठ सोडवली, आणि विचारलं, "दुखतं का गं?"

"नाही हो," ती म्हणाली. "दुखत नाही."

एवढं म्हणाली आणि तिला रडू फुटलं. माघापासून आत दाबून धरलेलं सगळं बाहेर आलं. मोठ्यानं, हुंदके देऊन, लहान मुलीसारखी ती रडली. सहादू धावत आला, "काय झालं बाई? काय व्हतंय?" म्हणाला आणि चिंतामणरावांचा चेहरा बघून मागच्या मागं निघून गेला. चिंतामणरावांनी तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि घट्ट धरून ठेवला. धरला तरी तो थांबेना.